व्हीलचेअर वाटप करायचंय: पैसे जमलेत, पण नेमकं काय घ्यावं?

सुरगाणकर

नमस्कार मंडळी,

आमची दहावीची बॅच यंदा पुन्हा एकत्र आली आणि गावासाठी काहीतरी करायचं असं जेवणाच्या पंगतीतच ठरलं. वर्गणी काढली, दोन लाखांच्या आसपास रक्कम जमली आहे. सुरगाणा तालुक्यात आमच्या भागातल्या पाड्यांवर ज्यांना चालता येत नाही, त्यांना व्हीलचेअर द्यायचा विचार आहे. आशाताईंनी घरोघर फिरून यादी करून दिली, सव्वीस नावं आहेत.

नाशिकच्या एका घाऊक दुकानदाराने साडेसहा हजारांचा भाव दिलाय. घडी होणारी, चकचकीत नळ्यांची, रेक्झिनच्या बैठकीची, दवाखान्यात असते तशी. सगळ्या एकदम उचलल्या तर टेम्पोचं भाडं तो घेणार नाही.

ही खुर्ची आमच्याकडे चालेल का? पाड्यावर जायचं म्हणजे चढ, दगड, आणि पावसाळाभर चिखल. शिवाय यादीत सगळ्या तऱ्हेची माणसं आहेत. सेरेब्रल पाल्सीचा, म्हणजे मेंदूला लहानपणीच इजा झाल्याने अंगावर ताबा नसलेला, सहा वर्षांचा मुलगा आहे, आंब्यावरून पडून कमरेखालचं अंग गेलेला तिशीतला तरुण आहे, लकवा मारलेली म्हातारी माणसं आहेत, शुगरमुळे पाय कापावा लागलेले दोघे आहेत, पोलिओची चाळिशी-पन्नाशीतली मंडळी आहेत. सगळ्यांना एकच खुर्ची चालते का? ज्यांनी हे काम केलंय किंवा जे स्वतः वापरतात त्यांनी कृपया लिहा. २६ जानेवारीला शाळेच्या मैदानावर कार्यक्रम घ्यायचा बेत आहे.

बकुळ

सुरगाणकर, ऑर्डर देण्याआधी विचारलंत हे फार बरं झालं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, ग्रामीण भागात घरी जाऊन रुग्ण बघते. जरा सविस्तर लिहिते.

सव्वीस जणांसाठी सव्वीस सारख्या खुर्च्या घेऊ नका. लकवा मारलेल्या आजींना कदाचित चार पायांची काठी आणि दोन महिने नीट व्यायाम मिळाला तर त्या अंगणात चालतील. खुर्ची दिलीत तर त्या खुर्चीतच राहतील. पाय कापलेल्या दोघांना आधी कृत्रिम पाय बसतो का ते बघायला हवं. सहा वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसाची खुर्ची देणं तर सरळ धोक्याचं. त्याचं धड सावरत नसेल तर तो त्यात एका कुशीला कलंडणार, मान खाली पडणार, आणि तशा अवस्थेत आई भरवायला लागली की ठसका लागून अन्न श्वासनलिकेत जाणार. त्याला डोक्याला, छातीला आणि दोन्ही बाजूंना आधार देणारी, त्याच्या मापाची बैठक लागते, आणि तो वाढेल तशी ती बदलावी लागते.

सगळ्यात जास्त काळजी मला आंब्यावरून पडलेल्या त्या तरुणाची वाटते. मणक्याला मार लागून संवेदना गेली असेल तर त्याला बसल्या जागी रुतलेलं, टोचलेलं, भाजलेलं काहीच कळत नाही. आपण तासभर एका जागी बसलो की नकळत कूस बदलतो. त्याला ते होत नाही. रेक्झिनच्या झोळीसारख्या बैठकीवर बसण्याची हाडं खाली दाबली जातात, तिथलं रक्त थांबतं, आणि वरची कातडी साबूत दिसत असताना आत जखम सुरू होते. कळतं तेव्हा हाडापर्यंत गेलेली असते. कमरेखालचं अंग गेलेली कितीतरी माणसं अपघातातून वाचतात आणि या जखमांच्या जंतुसंसर्गाने जातात. त्यामुळे अशा माणसाला खुर्ची द्यायची तर गादी, म्हणजे चांगल्या जाड फोमची, बसण्याच्या हाडांखाली खोलगट केलेली कुशन, खुर्चीबरोबरच द्यायला हवी. ती नंतर बघू असं म्हणून चालत नाही.

कुशन बरोबर आहे का हे बघायची एक साधी पद्धत आहे, ती तुम्हीही शिकून घ्या. माणूस कुशनवर बसलेला असताना त्याला विचारून, तळहात वर करून बोटं त्याच्या बसण्याच्या हाडाखाली सरकवायची. बोटांची टोकं अर्धा सेंटिमीटर तरी वरखाली हलवता आली तर ठीक. हलत नाहीत पण हात सहज बाहेर निघतो, तर सावध व्हायचं. बोटं चिमटल्यासारखी अडकली आणि हात ओढून काढावा लागला, तर त्या कुशनवर त्याला बसू द्यायचं नाही. दोन्ही बाजूंना वेगवेगळं बघायचं.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली कमी साधनांच्या भागांसाठी व्हीलचेअरची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात या सेवेचे आठ टप्पे सांगितलेत. नोंद, तपासणी, माप घेऊन निवड, पैशाची सोय आणि मागणी, खुर्ची तयार करणं, बसवून बघणं, वापरायला शिकवणं, आणि शेवटी दुरुस्ती व पाठपुरावा. आपल्याकडच्या बहुतेक वाटपांत चौथ्या टप्प्यावरून थेट फोटोवर उडी असते. तुमची बॅच तसं करणार नाही असं तुमच्या प्रश्नांवरून वाटतं, म्हणून एवढं लिहिलं.

डोंबिवली_फास्ट

बकुळताई, तुमचं म्हणणं पटतं, पण एक शंका मनापासून विचारतो. इतकं सगळं बघत बसलं तर दोन लाखांत पाचच जणांचं भागेल. बाकीचे एकवीस घरात पडूनच राहणार. काहीच नसण्यापेक्षा साधी खुर्ची बरी नाही का?

डॉन शेंडॉर्फर नावाच्या अमेरिकन इंजिनियरचं उदाहरण वाचलं होतं. १९७९ साली मोरोक्कोमध्ये एक बाई हातांनी स्वतःला ओढत रस्ता ओलांडताना त्यांनी पाहिली, ते दृश्य त्यांच्या मनातून गेलं नाही. पुढे त्यांनी बागेतली पांढरी प्लास्टिकची खुर्ची आणि माउंटन बाइकची चाकं जोडून अगदी स्वस्त व्हीलचेअर बनवली आणि २००१ मध्ये संस्था काढली. दहा लाखांहून जास्त खुर्च्या त्यांनी गरीब देशांत पोचवल्या. मातीतून सरपटणाऱ्या माणसाला ती खुर्ची मिळाली तर त्याचं आयुष्य बदलणारच ना?

बकुळ

बदलतंच, त्यात वाद नाही. जमिनीवरून सरपटणं थांबणं ही फार मोठी गोष्ट आहे आणि शेंडॉर्फर यांच्या कामाबद्दल मला आदर आहे. पण त्या पहिल्या खुर्चीवर एकच माप सगळ्यांना दिल्याबद्दल या क्षेत्रातल्या लोकांनी टीका केली होती, आणि पुढे त्याच संस्थेने वेगवेगळ्या मापांच्या, कमी-जास्त करता येणाऱ्या खुर्च्या आणल्या.

माझं उत्तर माणसागणिक वेगळं आहे. पाठ ताठ राहते, संवेदना शाबूत आहे, दिवसातून तास-दोन तास बसायचंय, अशा आजोबांना साधी खुर्ची बरीच बरी. तिथे मी अडवणार नाही. पण संवेदना गेलेला माणूस आणि धड न सावरणारं मूल या दोघांना चुकीची खुर्ची देण्यापेक्षा महिनाभर थांबून बरोबर दिलेली चांगली. यादीचे हे दोन भाग आधी वेगळे करा, मग पैशाचा हिशोब तुम्हाला वाटतोय तितका अवघड राहणार नाही.

आबा_वाळवा

रामराम. मी पोलिओचा. तिसऱ्या वर्षी ताप आला आणि दोन्ही पाय गेले. पायाला आधाराच्या पट्ट्या, म्हंजी कॅलिपर, घालून शाळा केली, आता तीनचाकी सायकल हातानं मारतो. वाळवा तालुक्यात माझं सायकल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे, आणि आसपासच्या गावातल्या अपंगांच्या सायकली बी माझ्याकडंच येतात.

माझ्याकडं येणाऱ्या सायकली कशानं बंद पडल्यात ते सांगतो. टायर फाटलं आणि त्या मापाचं टायर बाजारात नाही. पुढच्या लहान चाकाचं बेअरिंग गेलं. ब्रेकची पट्टी झिजली. हाताच्या पायडलाची चेन उतरून दातरा घासला. ही सगळी दोन-चारशे रुपयांची कामं असत्यात. पण मानूस पांगळा, सायकल बंद, दुकान तालुक्याला. मग ती सायकल गोठ्यात उभी राहती आणि तिच्यावर वैरण ठेवत्यात. गावागावात हेच.

तवा दुकानदाराला पहिला प्रश्न हा विचारा की टायर-ट्यूब माझ्या गावच्या सायकल दुकानात मिळंल का. टायरच्या कडेला माप छापलेलं असतं, त्याचा फोटू काढून सुरगाण्याच्या दुकानात दाखवा. मिळत नसंल तर ती खुर्ची घेऊ नका, कितीबी स्वस्त असू द्या. दुसरं, पुढची चाकं बघा. दवाखान्याच्या खुर्चीला असत्यात ती बारकी टणक चाकं फरशीसाठी. दगडाला अडली की मानूस तोंडावर. चिखलात तर रुततातच.

आणि पैशातला काही भाग बाजूला काढून ठेवा दुरुस्तीसाठी. सगळ्याच्या खुर्च्या घेऊन मोकळं हू नका.

सुरगाणकर

आबा, बकुळताई, तुमचे प्रतिसाद बॅचच्या ग्रुपवर टाकले. काल आशाताईंशी फोनवर बोललो. त्यांनी एक गोष्ट सांगितली ती ऐकून आमच्यापैकी कुणालाच झोप लागली नाही.

आंब्यावरून पडलेल्या त्या तरुणाला आधीच्या एका शिबिरात खुर्ची मिळाली होती. ती पडवीत आढ्याला टांगून ठेवलीय, कारण एका चाकात हवा राहत नाही आणि घराच्या उंबऱ्यावरून ती आत येत नाही. त्याच खुर्चीवर तो सुरुवातीला दिवसभर बसायचा. ताई म्हणाल्या, त्याला बसायच्या जागी जखम आहे, घरचे हळद लावतात, वास येतो. त्याला शेळ्या राखायला जायचंय, ‘मला खुर्ची देणार का’ असं तो ताईंना सारखं विचारतो. काय करू?

बकुळ

सुरगाणकर, हे वाचून लगेच लिहितेय. बाकी सगळं बाजूला ठेवा, हे आधी.

त्याला आत्ता कुठल्याच खुर्चीवर बसवू नका, नवीही नको. जखमेवर बसणं बंद, हाच पहिला उपचार. वास येतोय म्हणजे त्याला डॉक्टरांनी बघायलाच हवं. आधी ग्रामीण रुग्णालय, आणि तिथून जिल्हा रुग्णालयात पाठवलं तर टाळाटाळ न करता न्या. ताप, थंडी, गुंगी यातलं काही असेल तर आजच न्या. हळद, राख, पावडर काही भरू नका. पालथं झोपता येत असेल तर दिवसाचा बराच वेळ पालथं, नाहीतर कुशीवर, आणि दर दोन तासांनी कूस बदलून. गुडघ्यांच्या मध्ये उशी. टाचा आणि घोटेही तपासायला सांगा, तिथेही सुरू झालं असेल. लघवीची काय व्यवस्था आहे तेही विचारा, कारण कपडे ओले राहत असतील तर जखम भरत नाही. जेवणात डाळ, अंडी, मासे जे मिळेल ते वाढवायला सांगा.

जखम भरायला महिने लागू शकतात. त्याला खोटी तारीख सांगू नका, पण खुर्ची नक्की मिळणार आहे हे सांगा, म्हणजे तो पालथं पडून राहायला तयार होईल. भरल्यावर हळूहळू बसवायचं, आधी पंधरा मिनिटं, मग कातडी तपासायची, लाली राहिली नाही तर वेळ वाढवायची. आणि पुढे आयुष्यभर, दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन अंग उचलायचं किंवा पुढे-बाजूला झुकायचं, आणि रोज झोपताना आरशात किंवा घरच्यांकडून बसायची जागा बघून घ्यायची. हे त्याला आणि त्याच्या बायकोला किंवा आईला, दोघांनाही शिकवावं लागेल.

तुमच्या दोन लाखांतला पहिला खर्च गाडीभाडं आणि ड्रेसिंगचा होऊ दे.

नैरोबीकर

मी गेली काही वर्षं केनियात असतो, मूळचा अमरावतीचा. इथे एका संस्थेच्या कामात शनिवार-रविवार हातभार लावतो, म्हणून थोडं इकडचं सांगतो.

युरोप-अमेरिकेतून जुन्या खुर्च्यांचे कंटेनर येतात. त्यांचा दर्जा चांगला असतो, पण त्या गुळगुळीत फरशीसाठी आणि दुसऱ्या कुणाच्या मापाने बनलेल्या असतात. दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा घालून चालण्यातला प्रकार. सुटे भाग इथे मिळत नाहीत. एपीडीके ही इथली जुनी संस्था स्वतःच्या कारखान्यात खुर्च्या बनवते, मोम्बासाला त्यांचं बोंबोलुलूचं केंद्र १९६९ पासून आहे, आणि तिथे काम करणारे बरेचजण स्वतः अपंग आहेत. खुर्ची इथे बनली की दुरुस्तीही इथेच होते, हा फरक रोज डोळ्यांनी दिसतो.

काबूलचं उदाहरण तर मला फार मोठं वाटतं. रेड क्रॉसच्या अस्थिव्यंग केंद्रात अल्बेर्तो कैरो हे इटालियन फिजिओथेरपिस्ट १९९० पासून आहेत. कृत्रिम पाय बनवणारे, बसवणारे, चालायला शिकवणारे, बहुतेक सगळे कर्मचारी आधी तिथलेच रुग्ण होते. सुरुंगावर पाय पडलेल्या माणसाला चालायला शिकवणाराही कृत्रिम पायावर उभा असतो. त्याचा रुग्णावर होणारा परिणाम कुठल्या भाषणाने होणार नाही.

तुमच्या यादीतल्या पोलिओच्या मंडळींत कुणी हाताने कसबी असेल तर त्याला आबांकडे शिकायला पाठवता येईल का?

आबा_वाळवा

पाठवा. राहायची सोय माझ्या घरी. पैसं नकोत.

खटपट्या

मी मेकॅनिकल इंजिनियर, पिंपरीला नोकरी. पुढच्या चाकांबद्दल आबा बोलले त्याला जोडून लिहितो.

रॅल्फ हॉचकिस हे अमेरिकन इंजिनियर स्वतः मोटरसायकल अपघातानंतर व्हीलचेअर वापरतात. १९८० मध्ये ते निकाराग्वाला गेले तेव्हा तिथे चार तरुण एकच खुर्ची वाटून वापरत होते, आणि तिच्यात स्वतःच सुधारणा करत होते. हॉचकिसांनी त्यांच्याबरोबर काम सुरू केलं, त्यातून पुढे व्हर्लविंड संस्था आणि रफरायडर नावाची खुर्ची आली. त्या खुर्चीत तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पुढची चाकं रबराची आणि रुंद, म्हणजे मातीत रुतत नाहीत. ती चाकं बरीच पुढे बसवलेली, म्हणजे दगडाला अडली तरी माणूस पुढे उलथत नाही. आणि मागची चाकं साध्या सायकलची. ब्रिटनच्या मोटिव्हेशन संस्थेने बांगलादेशात काम सुरू करून पुढे तीन चाकांची खुर्ची केली, तिच्यातही पुढचं एकच चाक लांबवर असतं. खडबडीत जमिनीवर चारपैकी एखादं चाक बरेचदा अधांतरी राहतं, तीन चाकं मात्र कायम टेकतात, हे साधं गणित त्यामागे आहे.

एमआयटीच्या एमॉस विंटर यांच्या गटाने हाताने ढकलायच्या दांड्यांवर चालणारी खुर्ची काढली, सायकलचेच सुटे भाग वापरून. दांडा वर धरला की चढावर जोर जास्त मिळतो, खाली धरला की सपाटीवर वेग. तिच्या चाचण्यांसाठी जयपूर फूटवाल्यांचं सहकार्य होतं. आपल्याकडे आयआयटी मद्रासमधून निघालेल्या निओमोशनने माणसाच्या मापाने बनवलेली खुर्ची आणि तिला पुढून जोडता येणारी मोटर आणली आहे. मोटर जोडली की ती रस्त्यावर धावते, घरात शिरताना मोटर काढून ठेवायची. किंमत तुमच्या दुकानदाराच्या खुर्चीच्या कित्येक पट आहे, पण यादीतला एखादा तरुण कमाईला लागणार असेल तर त्याच्यासाठी विचार करा. मात्र वीज, बॅटरी आणि दुरुस्ती पाड्यावर कशी होणार हे आधी बघा.

आणि उंबऱ्यावरून खुर्ची आत येत नाही असं तुम्ही लिहिलंय, त्यासाठी लाकडी फळीचा उतार करता येईल. एक इंच उंचीला बारा इंच लांबी धरायची. सहा इंचांचा उंबरा असेल तर सहा फुटांची फळी. पडवीत तेवढी जागा आहे का तेवढं मोजून कळवा, मी चित्र काढून देतो.

शेवंती

मी स्वतः वापरणारी आहे. बांधकामावरून पडले, मणका मोडला. कोल्हापूरला नसीमा हुरजूक यांच्या हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड संस्थेमुळे पुन्हा उभं राहण्याचं मनात आलं. नसीमादीदी स्वतः व्हीलचेअरवर आहेत, आणि त्यांना इतकी माणसं आणि इतकं काम सांभाळताना बघितलं की आपलंही काहीतरी होईल असं वाटतं.

धाग्यावर सगळे रस्त्याबद्दल बोलतायत. मला संडासाबद्दल बोलायचंय.

बाई असून खुर्चीवर असणं म्हणजे दिवसभर कमी पाणी पिणं. संडासाचं दार अरुंद, खुर्ची त्याच्यापेक्षा रुंद. आत भारतीय बैठक. मग कुणीतरी उचलून न्यायचं, आणि घरात बाईमाणूस नसेल तर संध्याकाळपर्यंत थांबायचं. पाणी कमी प्यायलं की लघवीचा संसर्ग, ताप, मूत्रपिंडाचा त्रास. माझ्या ओळखीच्या दोघीतिघींचं हेच झालं. सुरगाणकर, तुमच्या यादीत बायका किती आहेत ते पाहा, आणि त्या प्रत्येकीच्या घरी जाऊन संडासाचं दार मोजा. दार मोठं करणं, आत पकडायला पाइप बसवणं आणि भोक पाडलेली कमोडची खुर्ची, हे काही जणींना व्हीलचेअरच्या आधी लागेल. गवंड्याचा एक-दोन दिवसांचा खर्च आहे.

दुसरं, बाईला विचारा तिला कुठे जायचंय. मला विचारलं असतं तर मी चुलीपाशी आणि शिलाई मशीनपाशी असं सांगितलं असतं. मला तीनचाकी सायकल दिली गेली. घरात ती शिरत नाही. पुरुषाला चावडीवर, एसटी स्टँडवर जायचं असतं, त्याला ती उपयोगी. आमचा दिवस घरात आणि अंगणात जातो, तिथे फिरायला लहान वळणाची खुर्ची लागते. काहीजणींना जमिनीलगत सरकणारी चाकांची पाटीच बरी पडते, कारण चूल, भांडी, धुणं सगळं खालीच असतं.

आणि मैदानावर मंडप घालून माळा घालत खुर्च्या देऊ नका ही हात जोडून विनंती. माझा फोटो निघाला होता. अजून तो कुणाकुणाच्या फोनमध्ये फिरतो.

सुरगाणकर

शेवंतीताई, कार्यक्रम रद्द. ग्रुपवर एकमताने ठरलं. खुर्च्या घरी नेऊन द्यायच्या.

टेबलखुर्ची

जिल्हा परिषदेत नोकरी झाली, आता निवृत्त. योजनांचं सांगतो, कारण तुमचे दोन लाख जिथे सरकारी पैसा मिळतो तिथे खर्च होऊ नयेत.

केंद्राची अ‍ॅडिप योजना १९८१ पासून आहे. त्यात साधनं मोफत किंवा अर्ध्या किमतीत मिळतात. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. तेच साधन तीन वर्षांत एकदा मिळतं, बारा वर्षांखालच्या मुलांना मात्र वर्षाने पुन्हा मिळू शकतं, कारण मूल वाढतं. साधनं मुख्यतः कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीकडून येतात. साठीच्या पुढच्या गरीब वृद्धांसाठी २०१७ पासून राष्ट्रीय वयोश्री योजना आहे, काठी, वॉकर, व्हीलचेअर त्यातून मिळते. तुमच्या यादीतले लकव्याचे आजी-आजोबा त्यात बसू शकतात.

ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी अपंगांसाठी खर्च करावा लागतो. ग्रामसभेत हा विषय लेखी घ्या. संडासाचं दार, उतार, या कामांसाठी हा पैसा मागता येतो.

आता कागद. सव्वीसपैकी किती जणांकडे यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, आहे? माझ्या अनुभवाने पाड्यांवरची निम्मी माणसं कार्डाविना असतात, कारण तपासणीसाठी जिल्ह्याला जावं लागतं आणि ज्याला चालता येत नाही त्याने तिथवर जायचं कसं हे कुणी बघत नाही. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, तरी कार्ड नाही तर काही नाही. तुम्ही एक गाडी ठरवून दहाजणांना तपासणीला नेऊन आणलंत, तर त्या एका दिवसाच्या भाड्यातून त्यांना पुढे बसची सवलत, पेन्शन, साधनं सगळंच खुलं होतं.

पोटापुरता

पाय कापलेल्या दोघांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. माझ्या वडिलांचा पाय शुगरने गेला, त्यांना जयपूर फूट बसवून आणला.

हा पाय १९६८ च्या सुमारास जयपूरला कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी मिळून घडवला. बाहेरच्या कृत्रिम पायाला बूट लागायचा, त्यावर उकिडवं बसता यायचं नाही. हा रबराचा पाय अनवाणी चालतो, भातखाचरात उतरतो, मांडी घालू देतो. डी. आर. मेहता यांनी १९७५ मध्ये स्थापन केलेली भगवान महावीर विकलांग सहायता समिती तो फुकट बसवते. शिबिरंही होतात. मुंबईला हाजीअलीच्या केंद्र सरकारच्या पुनर्वसन संस्थेतही अवयव बसवतात.

पण शुगरवाल्यांसाठी एक सांगतो. वडिलांना खुंटाला, म्हणजे कापून उरलेल्या पायाला, घासलेलं कळायचं नाही. रोज पाय काढल्यावर खुंट उजेडात बघायचा, लाल दिसला तर त्या दिवशी पाय घालायचा नाही. आणि दुसरा पाय! राहिलेल्या पायाकडे कुणाचंच लक्ष नसतं. त्याच्या बोटांच्या बेचक्या रोज बघा, अनवाणी फिरू देऊ नका. शुगर ताब्यात नसेल तर तोही पाय जायची भीती असते.

बकुळ

पोटापुरता, फार मोलाचं लिहिलंत. यावरून एक बोलावंसं वाटतं. आपल्याकडची साधनवाटपाची पद्धत पोलिओच्या काळात घडली. एका शिबिरात शेकडो मुलं, सगळ्यांना कॅलिपर, कुबड्या, तीनचाकी. पोलिओत संवेदना जात नाही, हात बहुतेकदा मजबूत असतात, त्यामुळे तसं चालून गेलं. भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला, २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. आता यादीत येतात ते मणक्याचे, शुगरचे, लकव्याचे, सेरेब्रल पाल्सीचे रुग्ण. माणसं बदलली, शिबिरं तशीच राहिली. म्हणून इतक्या खुर्च्या आढ्याला टांगलेल्या दिसतात. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या २०२२ च्या अहवालात जगातल्या जवळजवळ शंभर कोटी लोकांना गरजेचं साधन मिळत नाही असं म्हटलंय. मला वाटतं, मिळालेलं पण वापरता न येणारं साधन ज्यांच्या घरात पडून आहे त्यांचीही कुणीतरी मोजणी करायला हवी.

सुरगाणकर

त्या तरुणाला शुक्रवारी नाशिकला दाखल केलं. जखम साफ केली, डॉक्टर म्हणाले वेळेत आणलंत. त्याची बायको बरोबर आहे, तिला कूस बदलायचं शिकवलंय.

आम्ही ठरवलं ते असं. वृद्धांचे अर्ज वयोश्रीसाठी करायचे, कागदपत्रांचं काम आमच्यातल्या दोन शिक्षकांनी उचललंय. यूडीआयडीसाठी गाडी ठरवली. पाय कापलेल्या दोघांना शिबिराला नेणार. आपल्या पैशातून आठ-नऊ जणांनाच खुर्च्या, पण मापाच्या, कुशनसह. चाळीस हजार दुरुस्तीसाठी वेगळे ठेवले. पोलिओचा एकजण आबांकडे यायला तयार आहे, तो आत्ताही पाड्यावरचे रेडिओ आणि मोबाइल दुरुस्त करतो. बकुळताई, तुम्ही रविवारी माप घ्यायला येते म्हणालात, त्याबद्दल आभार कसे मानू कळत नाही. त्या दिवशी काय काय तयार ठेवू?

शेवंती

बायकांचं माप वेगळ्या खोलीत घ्या आणि बोलताना सासू-नवऱ्याला जरा बाहेर थांबवा. मी व्हिडिओ कॉलवर असेन.

बकुळ

एक टणक लाकडी बाक किंवा स्टूल, पाठीला टेकायला भिंत. शिंप्याची नको, सुताराची धातूची टेप. दोन जाड पुस्तकं, म्हणजे मांड्यांच्या दोन्ही बाजूंना उभी धरून मधलं अंतर घेता येतं, तीच बैठकीची रुंदी. पाय टेकायला चढउतार करता येतील अशा विटा किंवा पाट. बैठकीची मागून पुढे लांबी पाठीपासून गुडघ्याच्या मागच्या खळगीपर्यंत मोजून त्यातून दोन बोटं वजा करायची. प्रत्येकाच्या घराच्या आणि संडासाच्या दाराची रुंदी आशाताईंकडून आधीच लिहून घ्या. लहान मुलाच्या आईला त्याचं रोजचं ताट-वाटी-चमचा घेऊन यायला सांगा, तो कसा खातो ते मला बघायचंय. आणि आढ्याला टांगलेली ती खुर्ची खाली काढून ठेवा. आबांना फोटो पाठवा, चालण्याजोगी असेल तर तिचे भाग कामाला येतील.

आबा_वाळवा

चाकाच्या आसाचा फोटू जवळनं काढा, उजेडात. आणि टायरवरचं माप दिसलं पायजे.